गाडी ओळखण्याचा छंद

कोणाला पक्षी ओळखण्याचा छंद असतो, तर कोणाला टपाल तिकिटे जमवण्याचा. काहींना मात्र मोटारी ओळखण्याचा छंद असतो. त्यातही त्यांची नजर जपानी बनावटीच्या वेगवान गाड्या शोधत असते. तुम्ही उर्दूत ज्याला शौक म्हणता, त्यालाच मराठीत छंद म्हणतात. या छंदाला पैसे लागत नाहीत. लागते ती फक्त चौकस नजर, एक वही आणि थोडा धीर.

या छंदासाठी आपले नागपूर फार सोयीचे आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि सुरतकडून ओडिशाकडे जाणारा महामार्ग ५३ हे दोन्ही नागपूरहून जातात. त्यामुळे वर्धा रोड, कामठी रोड किंवा भंडारा रोडवर अनेक राज्यांच्या गाड्या दिसतात. नंबरच्या पाटीवर एम.एच. ३१ असेल, तर ती गाडी नागपूर शहरात नोंदलेली आहे असे समजा. एम.एच. ४९ हा पूर्व नागपूरचा क्रमांक आहे, तर एम.एच. ४० नागपूर ग्रामीणचा. एम.पी. म्हणजे मध्य प्रदेश, सी.जी. म्हणजे छत्तीसगड. तेलंगणाच्या पाटीवर टी.एस. किंवा टी.जी. अशी अक्षरे असतात.

आता जपानी गाड्यांची गोष्ट पाहू. भारतात पूर्वी मुख्यतः अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्या दिसत. १९८२ साली मारुती उद्योगाने जपानच्या सुझुकी कंपनीशी करार केला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली एका ग्राहकाच्या हाती देण्यात आली. तिचे इंजिन ७९६ घनसेंटीमीटरचे आणि तीन सिलिंडरचे होते. जुन्या गाड्यांत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळे, या गाडीत ती पुढच्या चाकांना मिळाली. गाडी लहान होती, हलकी होती आणि कमी पेट्रोलवर चालत होती. म्हणून ती घरोघरी पोहोचली.

पुढे १९९८ साली होंडाची सिटी आणि मित्सुबिशीची लान्सर या गाड्या भारतात आल्या. त्यानंतर थोड्याच काळात सिटीचा 'व्हीटेक' हा प्रकार निघाला. आजही गाड्यांचे शौकीन तिचे नाव आदराने घेतात. असे का? थोडे गणित करून पाहा. मारुती ८०० ची शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती आणि वजन सुमारे ६५० किलो. म्हणजे दर १०० किलोमागे पावणेसहा अश्वशक्ती. सिटी व्हीटेकची शक्ती सुमारे १०६ अश्वशक्ती आणि वजन जवळपास एक टन. म्हणजे दर १०० किलोमागे साडेदहा अश्वशक्ती! गाडी चपळ आहे की नाही, हे केवळ इंजिनाच्या शक्तीवर नव्हे, तर शक्ती आणि वजन यांच्या प्रमाणावर ठरते.

व्हीटेक म्हणजे काय, हेही समजून घेऊ. इंजिनाच्या सिलिंडरला झडपा असतात. एका झडपेतून हवा आणि पेट्रोल आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. कॅम नावाचा अंड्याच्या आकाराचा तुकडा फिरतो आणि या झडपा उघडतो. गाडी हळू चालते तेव्हा झडप थोडीच उघडलेली बरी, कारण त्यामुळे पेट्रोल वाचते. वेगात मात्र जास्त हवा लागते, म्हणून झडप जास्त उघडावी लागते. एकच कॅम दोन्ही कामे नीट करू शकत नाही. म्हणून होंडाच्या अभियंत्यांनी लहान आणि मोठे असे दोन्ही प्रकारचे कॅम बसवले. इंजिनाची गती वाढली, की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते आणि मोठा कॅम काम करू लागतो. ही युक्ती १९८९ साली जपानमध्ये होंडाच्या इंटेग्रा गाडीत प्रथम आली.

मग अशी गाडी ओळखायची कशी? मागे 'व्हीटेक' अशी पट्टी दिसली, की लगेच निर्णय देऊ नका. अशी पट्टी बाजारात मिळते आणि कोणीही ती चिकटवू शकतो. गाडीचा आकार पाहा, मागचे दिवे पाहा, चाके पाहा आणि इंजिनाचा आवाज ऐका. जेव्हा तीन-चार खुणा जुळतील, तेव्हाच वहीत लिहा. एखादा मेकॅनिक दादा ओळखीचा असेल, तर त्याला विचारा. इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगण्याचा त्याचा हुन्नर पुस्तकांतून मिळत नाही.

या कामाला उशीर करून चालणार नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. नंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. जुन्या गाड्या एकेक करून भंगारात जात आहेत. आज जी गाडी तुमच्या गल्लीत उभी आहे, ती उद्या दिसेलच असे नाही. तुमच्या वहीतली तारीख, जागा आणि रंग हीच मग तिची आठवण राहील.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. गाडी पाहायची ती फुटपाथवरून. गाडीच्या मागे धावू नका, मालकाला विचारल्याशिवाय तिला हात लावू नका. वेगवान गाडी आवडणे वेगळे आणि रस्त्यावर शर्यत लावणे वेगळे. १८ वर्षांखालील मुलाने मोटार चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्याच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्यावर तुमचे आई-वडील, भाऊ-बहीणही चालत असतात, हे विसरू नका. छंद माणसाच्या हातात असतो, पण वाईट नाद लागला, की माणूसच त्याच्या हातात जातो.

स्वाध्याय
१. व्हीटेक इंजिनात मोठा कॅम केव्हा काम करू लागतो?
२. केवळ पट्टी पाहून गाडी ओळखू नये, असे लेखात का म्हटले आहे?
३. तुमच्या मोहल्ल्यातील एका जुन्या गाडीचे पाच वाक्यांत वर्णन करा.