जीपचे इंजिन बदलताना मॅनिफोल्डची निवड

वेळापूर परिसरात उसाच्या फडापर्यंत जाणारी जुनी जीपगाडी अद्यापि उपयोगाची आहे. तिचे झिजलेले पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसविण्याचा विचार काही शेतकरी बंधू करतात. इंजिन चासीवर बसते, गिअरबॉक्सशी जुळते. परंतु बॉनेट मिटत नाही. मग बॉनेट कापले जाते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, एअर क्लीनरच काढून टाकला जातो. आमच्या फुफाट्याच्या रस्त्यांवर असे इंजिन फार काळ टिकणार नाही. धूळ आत शिरून सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा झिजतात.

ही अडचण जुनीच आहे. विलिस कंपनीने 1953 साली सीजे-3बी जीपमध्ये अधिक उंचीचे इंजिन घातले. त्यात हवेचा मार्ग सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असून कार्बुरेटर माथ्यावर होता. त्यासाठी कंपनीला बॉनेटच उंच करावे लागले. हीच जीप पुढे महिंद्र कंपनीने आपल्या देशात अनेक वर्षे बनविली.

डिझेल इंजिनास कार्बुरेटर नसतो. तेव्हा मॅनिफोल्डचे तोंड वरच असावे असे नाही. त्याच इंजिनास जुळणारे, बाजूस तोंड असलेले मॅनिफोल्ड मिळाल्यास तेच घ्यावे आणि एअर क्लीनर बाजूस बसवून जाड रबरी नळीने जोडावा. ही नळी सायलेन्सरच्या तापलेल्या भागापासून दूर असावी. उंची घटविण्यासाठी मॅनिफोल्ड ठोकून चपटे मात्र करू नये. एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यास किमान सुमारे 10,000 लिटर हवा लागते. वाट अरुंद झाली की काळा धूर निघतो व ताकद घटते.

खरेदीपूर्वी माप घ्यावे. इंजिन त्याच्या कायमच्या रबरी पायांवर ठेवून मॅनिफोल्डच्या सर्वांत उंच जागी चिकणमातीचे गोळे ठेवावेत, बॉनेट पूर्ण मिटवून उघडावे आणि दबलेल्या मातीची जाडी मोजावी. चालू इंजिन हलते. म्हणून आमच्या मते 25 मिलिमीटर मोकळी जागा हवी. ती मिळावी म्हणून इंजिन खाली घेण्याचा मोह होतो. पण खड्ड्यात स्प्रिंग दबल्यावर पुढचा आस तेलाच्या टाकीवर आदळण्याचा धोका असतो. त्यापेक्षा बॉनेट थोडे उंच करून घेणे बरे.

एअर क्लीनरनंतरचा प्रत्येक सांधा व गॅस्केट घट्ट असल्याची खात्री करावी. इंजिन बदलण्यास नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. वेळापूरकरांनी त्यासाठी अकलूजच्या परिवहन कार्यालयात आधीच चौकशी करावी.