डावीकडे वळण्यासाठी हँडल आधी उजवीकडे

मोटरसायकल चांगल्या वेगात असताना डावीकडे वळायचं असेल, तर हँडल आधी कणभर उजवीकडे जातं. पटत नाही? मोकळा सरळ रस्ता बघून डावी मूठ तळहाताने हलकेच पुढे ढकला. गाडी डावीकडे कलते आणि तिकडेच वळते! सायकलचंही तेच. विमानवाल्या राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. त्यांपैकी विल्बरने कितीतरी सायकलस्वारांना डावीकडे कसं वळता ते विचारलं, पण एकालाही हे पहिल्या फटक्यात पूर्ण सांगता आलं नाही.

मग एरवी हँडल सरळ कशामुळे राहतं? त्याचा दांडा तिरका असतो. त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतराला 'ट्रेल' म्हणतात. त्यामुळे टेकलेलं चाक मागे ओढलं जातं आणि हँडल आपोआप सरळ होऊ पाहतं.

१९७० च्या सुमारास डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मुद्दाम चालवता न येणारी सायकल बनवायला घेतली. चाकाच्या फिरण्याचा परिणाम रद्द करायला पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं चाक बसवलं, तरी ती चालली. पुढचं चाक आणखी पुढे नेऊन ट्रेल उलटा केला, तेव्हा मात्र सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले. मला हा प्रयोग फार आवडतो.

नुसतं हँडल बदलल्याने ट्रेल बदलत नाही, केबल मात्र ताणल्या जाऊ शकतात. उंच किंवा रुंद हँडल बसवलंत तर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. इंजिनाचा आवाज चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल तोकडी पडतेय. ती बदलल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.