डब्यात दडलंय काय?

गेमिंग पीसी तयार घ्यावा की सुटे भाग आणून स्वतः जोडावा? एकदा तयार घेऊन हात पोळलेल्या आणि दुसऱ्यांदा स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलेल्या एका नोकरदार गेमरचा हा ताळेबंद!

रात्रीचे साडेअकरा. व्हॅलोरंटचा शेवटचा राउंड. समोर दोन शत्रू, आपल्या बाजूने जिवंत फक्त अस्मादिक. हेडफोनमध्ये चार मित्र श्वास रोखून बसलेले. आणि... फट्! स्क्रीन काळी. पंखे बंद. कॅबिनेटमधल्या ज्या सप्तरंगी दिव्यांवर भाळून मी तो डबा घेतला होता, तेही गुल. पाठोपाठ काहीतरी करपल्याचा वास. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "अरे, गॅसवर काही ठेवलंयस का?"

ठेवलं होतं ना. बावन्न हजार रुपये!

हा पीसी मी २०२४ च्या जूनमध्ये ऑनलाइन घेतला होता. नोकरीतला पहिला बरा बोनस हातात होता, मॉनिटरसकट सगळं घरपोच येत होतं आणि जाहिरात एकदम झक्कास होती. 'आय फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक्स, ५०० वॉट पॉवर सप्लाय.' अजून काय पाहिजे, बॉस? वॉरंटी एक वर्षाची. पीसीने राम म्हटला चौदाव्या महिन्यात.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीतल्याच एका रिपेअरवाल्याने तो उघडला. पॉवर सप्लाय जळाला होता आणि जाताना मदरबोर्डलाही सोबत घेऊन गेला होता. त्या पॉवर सप्लायवर '५०० वॉट' असं ठसठशीत छापलेलं होतं, पण बनवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. रॅम १६ जीबीच होती, पण एकाच पट्टीत. ग्राफिक्स कार्डाची मेमरी खरोखरच ८ जीबी होती, पण कार्डाचं मॉडेल निघालं २०१७ सालचं! गंमत बघा, जाहिरातीत खोटं असं काहीच नव्हतं. फक्त एकाही वस्तूचं पूर्ण नाव नव्हतं.

बाबांची फाइल

मी डोक्याला हात लावून बसलो असताना बाबांनी कपाटातून एक खाकी फाइल काढली. २००३ मध्ये आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हाची. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क. त्या काळी घरोघरी एकच वाद असायचा, ब्रँडेड घ्यायचा की असेंबल्ड? बाबांनी असेंबल्ड घेतला होता. फाइलमध्ये दुकानदाराचं कोटेशन होतं आणि त्यावर प्रत्येक भागापुढे बाबांच्या अक्षरात मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर. बँकेतली नोकरी, दुसरं काय!

"तुझ्या पीसीचं असं काही आहे का?" बाबांनी विचारलं.

माझ्याकडे एक स्क्रीनशॉट होता.

तेव्हा कळलं, आपण ज्याला नवीन प्रश्न समजतो तो आपल्या घरात वीस-बावीस वर्षांपूर्वीच सुटलेला होता. फक्त उत्तर फाइलमध्ये राहिलं होतं.

चलो लॅमिंग्टन रोड!

ऑगस्टमधला शनिवार. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि पूर्वेला चालत लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटर घ्यायला जाणारा माणूस ते नाव घेईल तर शपथ. (शनिवारच का? कारण रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.) माझं बजेट होतं साठ हजार. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस जुन्यातले वाचले होते.

पहिल्या दुकानात काचेमागे एक तयार गेमिंग पीसी लखलखत होता. सत्तावन्न हजार. मी पाघळायला लागलो होतो, तेवढ्यात बाबांनी विचारलं, "यातला पॉवर सप्लाय कुठला?"

"चांगलावाला आहे अंकल, बिनधास्त घ्या."

"ते बरोबर आहे हो, पण नाव काय त्याचं?"

नाव काही शेवटपर्यंत कळलं नाही. वर, "बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील" अशी ऑफर मात्र मिळाली. जीएसटी १८ टक्के, म्हणजे साठ हजारांच्या खरेदीत रक्कम लहान नाही. क्षणभर मलाही मोह झाला. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "आणि कार्ड बंद पडलं की कुणाच्या दारात जायचं?" विषय संपला. बिलाशिवाय वॉरंटी मागायची म्हणजे तिकीट न काढता टीसीकडे सीट मागण्यासारखं!

दुसऱ्या दुकानातला पोरगा वेगळा निघाला. त्याच्याकडेही तयार पीसी होता. पण विचारल्याबरोबर त्याने कागदावर सातही भागांची पूर्ण नावं लिहून दिली. किंमत चौसष्ट हजार, विंडोजच्या लायसन्ससकट. आणि म्हणाला, "हेच पार्ट सुटे घेतले तर हा भाव." त्याने दिलेलं कोटेशन असं:

प्रोसेसर, रायझन ५ ५६००: ९,४०० रुपये
मदरबोर्ड, बी ५५० चिपसेटचा: ८,३०० रुपये
रॅम, ८ जीबीच्या दोन पट्ट्या: ३,६०० रुपये
एसएसडी, १ टीबी: ५,२०० रुपये
ग्राफिक्स कार्ड, आरएक्स ६६००, ८ जीबी: २०,८०० रुपये
पॉवर सप्लाय, ५५० वॉट, ८० प्लस ब्रॉन्झ: ४,१०० रुपये
कॅबिनेट: ३,१०० रुपये

एकूण ५४,५००. म्हणजे स्वतः जोडला तर साडेनऊ हजारांची बचत? मीही असाच उड्या मारत होतो. पण विंडोजचं लायसन्स वेगळं घ्यायचं आहे हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. ते धरल्यावर माझा आकडा गेला त्रेसष्टच्या घरात. बजेटला भोक आणि बचत जेमतेम हजाराची!

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, मग एवढा खटाटोप कशाला? तोच तर फंडा आहे. माझ्या हिशोबात तरी स्वस्त-महाग हा मुद्दा जवळजवळ उरलाच नाही. उरला तो एकच मुद्दा, आपण कशाचे पैसे देतोय हे आपल्याला माहीत आहे का?

पैसे कुठे जातात?

गेमिंग पीसीत साधा नियम असा, की सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा. कारण गेममधलं प्रत्येक चित्र तेच रंगवतं. स्वस्त तयार पीसीत नेमकी इथे मेख असते. प्रोसेसरचं नाव मोठं, दिवे भरपूर आणि कार्ड मात्र जुनं. '८ जीबी' हा कार्डाच्या मेमरीचा आकडा आहे, वेगाचा नाही. त्यामुळे पूर्ण मॉडेल नंबर विचारायचा आणि ते कोणत्या साली आलं तेही.

दुसरी मेख रॅमची. १६ जीबीची एक पट्टी लावण्यापेक्षा ८ च्या दोन लावल्या तर प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात. एका पदराच्या रस्त्यावर आणि दोन पदरी रस्त्यावर काय फरक पडतो, हे कल्याण-शीळ रोडवरून ऑफिसला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आणि तिसरी, जिने माझा घात केला ती. पॉवर सप्लाय! यावर पैसे टाकून गेममध्ये एकही फ्रेम वाढत नाही, म्हणून तो सगळ्यात आधी कापला जातो. माझ्या नव्या पीसीत कार्ड साधारण १३२ वॉट खातं आणि प्रोसेसर ६५ वॉटच्या वर्गातला आहे. म्हणजे ५५० वॉट रग्गड झाले. प्रश्न वॉटचा नसतोच, ते वॉट खरे आहेत का याचा असतो. '८० प्लस' हा शिक्काही वीज किती कमी वाया जाते तेवढंच सांगतो. म्हणून कंपनी आणि मॉडेल दोन्ही बघायचं.

पुन्हा अंधार!

दुकानात थोडे पैसे दिले की तेच जोडून देतात. पण मी हट्टाने सगळं घरी आणलं. रविवारी डायनिंग टेबलवर मांडामांड केली. आई म्हणाली, "जेवायच्या आत आवरा." आवरलं नाही.

खरं सांगू? जोडणं काही रॉकेट सायन्स नाही. प्रोसेसर एकाच दिशेने बसतो, कोपऱ्यातला छोटा त्रिकोण जुळवायचा आणि जोर लावायचा नाही. सोबत आलेल्या कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते. रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरकडून मोजल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या, 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबायच्या. मी फक्त मदरबोर्डच्या मागची ती पत्र्याची पट्टी लावायला विसरलो आणि सगळे स्क्रू पुन्हा काढले. हे प्रत्येकाचं होतं म्हणे.

रात्री अकरा वाजता बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र ठार काळी. पोटात गोळा! त्रेसष्ट हजार, माझेच हात, आणि ओरडायला समोर दुकानदार नाही. स्वतः पीसी जोडण्याची खरी किंमत ही आहे बघा. बिघाड झाला की कस्टमर केअर तुम्हीच.

तासभर रॅम काढली-घातली. वायरी तपासल्या. शेवटी बाबा मागे वाकून बघत म्हणाले, "ही मॉनिटरची वायर वर लावलीयस, पण खाली कार्डावरही तसंच भोक आहे की." रायझन ५ ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतंच! वायर मदरबोर्डला लावली तर स्क्रीनवर काही दिसणारच नाही. मला हे तोंडपाठ होतं, तरीही. वायर खाली लावली आणि स्क्रीन उजळली. आईने बटाटेवडे पुन्हा गरम केले.

त्यानंतर तीन कामं केली, तुम्हीही विसरू नका. बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल चालू करायचं, नाहीतर पैसे दिलेल्या वेगापेक्षा ती सावकाश चालते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजमध्ये तो आकडा स्वतः निवडायचा. आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळणार असाल तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू हवं. आता फुल एचडीवर सायबरपंक २०७७ मीडियम सेटिंगला साठच्या आसपास फ्रेम देतो. या पैशात सॉलिडच!

मग तुम्ही काय करायचं?

ऑफिसची वेळ सांभाळून वीकेंडला दोन तास खेळणार असाल, स्क्रू ड्रायव्हर बघून घाम फुटत असेल, तर खुशाल तयार पीसी घ्या. त्यात अजिबात कमीपणा नाही. काही बिघडलं की अख्खा डबा उचलून एकाच दारात न्यायचा, हे सुखही छोटं नाही. पण दोन गोष्टी आधी विचारा. सगळ्या भागांची पूर्ण नावं, आणि मदरबोर्ड व पॉवर सप्लाय नेहमीच्या मापाचे आहेत का. काही ब्रँडेड डब्यांत ते खास मापाचे असतात, मग पुढे नवं कार्ड घालायचं तर अडतं.

दोन-तीन वर्षांनी कार्ड बदलायचा विचार असेल, तर सुटे भाग घ्या. माझ्या डब्यातल्या बहुतेक भागांवर आता तीन किंवा जास्त वर्षांची वॉरंटी आहे. अर्थात प्रत्येकाचं सर्व्हिस सेंटर वेगळं, हेही लक्षात ठेवा. आणि भीती वाटत असेल तर मधला रस्ता आहेच, पार्ट तुम्ही निवडा, जोडू दे दुकानदाराला.

वरचे भाव मात्र पाठ करू नका. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डं क्रिप्टोवाल्यांनी पळवली होती. २०२५ च्या शेवटी रॅमची पाळी आली, कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला आणि भाव भडकले. अशा वेळी दुकानात जुन्या भावाने पडून असलेला तयार पीसी सुट्या भागांपेक्षा स्वस्तही पडू शकतो. त्यामुळे दोन्ही कोटेशन एकाच दिवशी घ्या आणि ओळीला ओळ लावून बघा. विक्रेता नाव लिहून देत नसेल, तर कितीही दिवे लागलेले असोत, पुढच्या दुकानात चला.

परवा बाबांनी त्या खाकी फाइलमध्ये माझं बिल लावलं. प्रत्येक भागापुढे सीरियल नंबर, या वेळी माझ्या अक्षरात. अक्षर वाईट आहे म्हणाले, पण नंबर सगळे बरोबर निघाले.