डायलिसिस चालू असताना बीपी का पडतं?

कड्यातून रेकॉर्ड करतोय, मागे एसटीचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांना आई-वडिलांना किंवा आजोबांना डायलिसिसला घेऊन जावं लागतं. माझे मामा नगरला जातात (आता अहिल्यानगर, पण आपल्या तोंडात नगरच), आणि बरेचदा सोबत मी असतो. बाहेर बाकावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अशक्तपणा आहे ना, म्हणून बीपी पडलं." अशक्तपणाचा हात असतोही. पण बहुतेक वेळा खरी भानगड पाण्याच्या हिशोबात असते, आणि तो हिशोब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो.

किडनी काम करेनाशी झाली की प्यालेलं पाणी अंगात साठतं. ते सगळं रक्तात नसतं, बरंचसं पायाच्या सुजेत आणि पेशींच्या आजूबाजूला असतं. मशीन मात्र फक्त रक्तातूनच पाणी ओढतं. रक्तातलं कमी झालं की सुजेतलं हळूहळू झिरपत आत येतं. आपल्या विहिरीसारखंच आहे हे. मोटर झऱ्यापेक्षा जोरात चालली की विहीर तळ गाठते. तसं ओढणं जास्त आणि झिरपणं कमी झालं, की बीपी खाली येतं.

आता आकडे. समजा पेशंटचं कोरडं वजन, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, 50 किलो आहे. दोन डायलिसिसच्या मधे वजन 3 किलोने वाढलं. म्हणजे 3000 मिली पाणी 4 तासांत काढायचं. 3000 भागिले 50, भागिले 4. उत्तर 15. दर किलोमागे, दर तासाला 15 मिली. हा आकडा 13 च्या वर गेला की धोका वाढतो असं किडनीचे डॉक्टर मानतात. तेच 3 लिटर 5 तासांत काढलं तर 12. म्हणून "जरा लवकर सोडा, गाडी निघून जाईल" आणि "आज जास्त पाणी काढा" ही दोन वाक्यं एकाच दिवशी बोलू नका. आपल्याकडे अनेकांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होतं, मधे तीन-तीन दिवस जातात, त्यामुळे हा आकडा लगेच वर चढतो.

मग पाणी कमी प्यायला सांगायचं? सांगून बघा, मे महिन्यात कोण ऐकतंय! खरा गुन्हेगार मीठ आहे. सलाईनच्या एक लिटर बाटलीत 9 ग्रॅम मीठ असतं. रक्ताचा खारटपणा साधारण त्याच पातळीला राहावा म्हणून शरीर धडपडतं. म्हणजे 9 ग्रॅम मीठ पोटात गेलं की जवळपास लिटरभर पाण्याची तहान लागणारच. ठेचा, लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं, सगळं यात आलं. मीठ कमी झालं की तहान आपोआप उतरते. आणि चहा, ताक, आमटी, बर्फ हेही पाण्यातच मोजायचं. आमच्या घरी मामांची दिवसाची बाटली सकाळीच भरून ठेवतो. ती किती मोठी असावी, हे लघवी किती होते त्यावर डॉक्टर ठरवतात.

कोरड्या वजनावर लक्ष ठेवा. भूक सुधारली, पेशंट अंगाने भरला, आणि कागदावर जुनंच वजन राहिलं, तर मशीन पाणी समजून नको तेवढं ओढतं. जेवण नीट जायला लागलं, किंवा दोन-तीनदा ओळीने बीपी पडलं, तर "कोरडं वजन परत बघता का?" असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बीपीची गोळी डायलिसिसच्या दिवशी कधी घ्यायची तेही विचारा, मनाने बंद करू नका. मशीनवर असताना पोटभर डबा खाल्ला की रक्त पोटाकडे वळतं. ज्यांचं बीपी पडतं त्यांनी आधी किंवा नंतर खावं. शुगरवाले असतील तर डबा आणि गोळ्यांची वेळ विचारूनच ठरवा.

मशीनमधलं द्रावण थोडं थंड ठेवणं हाही उपाय आहे. थंडीने रक्तवाहिन्या आवळतात, बीपी टिकतं. पण तो रामबाण नाही. कॅनडात 15,000 हून जास्त पेशंटवर मोठा अभ्यास झाला, 2022 साली तो छापून आला. सगळ्यांनाच थंड द्रावण दिल्याने मृत्यू किंवा हृदयाचे मोठे आजार कमी झाले नाहीत, पेशंटना थंडी मात्र जास्त वाजली. ज्याचं बीपी वारंवार पडतं, त्याच्यासाठी डॉक्टर ठरवतील.

एवढी काळजी कशाला? दर वेळी बीपी पडलं की हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं, आणि हातातला फिस्टुला गुठळी होऊन बंद पडू शकतो. म्हणून सारख्या जांभया, घाम, मळमळ, पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही दिसलं की लगेच टेक्निशियनला हाक मारा. ते ओढणं थांबवतात, पाय वर करतात, गरज पडली तर सलाईन देतात. शुगरच्या पेशंटला कधी कधी आधी काहीच जाणवत नाही, तिथे मशीनवरचा बीपीचा आकडा आपणच बघत राहायचा.

संपल्यावर लगेच उठवू नका. थोडा वेळ बसवा, उभं करून बीपी बघायला सांगा, मगच स्टँडवर. आणि घरी चक्कर आली म्हणून नारळपाणी किंवा ओआरएस पाजू नका. त्यातलं पोटॅशियम या पेशंटना महागात पडतं. आडवं झोपवा, पाय उशीवर ठेवा, सेंटरला फोन लावा. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं तर थेट 108.