व्यक्तिगत पर्यावरणीय पाऊलखूण : चिखलदरा क्षेत्रभेटीच्या निमित्ताने एक आत्मपरीक्षण

प्रस्तावना

शिक्षणाच्या सर्व स्तरांवर पर्यावरण हा विषय शिकविला जावा, अशी दिशा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालाने दिली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. आपण प्राध्यापक हा विषय शिकवितो, प्रकल्प तपासतो, गुण देतो. परंतु स्वतःच्या उपभोगाचा हिशेब क्वचितच मांडतो. अमरावतीहून विद्यार्थ्यांची क्षेत्रभेट घेऊन चिखलदऱ्यास गेलो असता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आपण इथे आलो, त्यानेच किती प्रदूषण झाले असेल?" त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेखात ते शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना व हिशेब

'पर्यावरणीय पाऊलखूण' ही संकल्पना १९९० च्या दशकात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस व मॅथिस वॅकरनागेल यांनी मांडली. आपल्या गरजा भागविण्यासाठी आणि आपण टाकलेले पचविण्यासाठी किती जमीन व पाणी लागते, याचे ते मोजमाप होय. कार्बन पाऊलखूण ही त्याहून मर्यादित कल्पना असून तीत केवळ हरितगृह वायूंचे वजन मोजले जाते. व्यक्तिगत हिशेबासाठी ती अधिक सोयीची आहे.

एक लिटर पेट्रोल जळाल्यास सुमारे २.३ किलो, तर एक लिटर डिझेल जळाल्यास सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अमरावती-चिखलदरा जाणे-येणे १७० किलोमीटर धरले, तर ४५ विद्यार्थ्यांच्या बसला साधारण ४२ लिटर डिझेल लागते. म्हणजे प्रत्येकी अडीच किलो. हे उत्तर समाधानकारक वाटले. मात्र निवासव्यवस्था पाहण्यासाठी आठवडाभर आधी मी एकटाच कारने जाऊन आलो होतो, हे नंतर स्मरले. त्या फेरीला १२ लिटर पेट्रोल लागले, अर्थात २७ ते २८ किलो. जे काम दूरध्वनीवर झाले असते, त्यासाठी मी एका विद्यार्थ्याच्या अकरापट उत्सर्जन केले होते!

तथापि घरचा हिशेब मांडल्यावर ही फेरीही किरकोळ ठरली. वऱ्हाडातील उन्हाळ्यात रात्री आठ तास वातानुकूलन यंत्र चालविल्यास १० युनिट वीज सहज लागते. पंचाहत्तर रात्रींचे ७५० युनिट होतात. आपली बहुतांश वीज अद्याप कोळशावर निर्माण होते. एका युनिटमागे ०.७ किलो धरल्यास हे उत्सर्जन ५२५ किलो, म्हणजे कारने चिखलदऱ्याच्या जवळपास एकोणीस फेऱ्या होतात. भारतीय व्यक्तीचे सरासरी वार्षिक उत्सर्जन सुमारे दोन टन आहे, हे लक्षात घेता हा आकडा लहान म्हणता येणार नाही. कूलरला याच्या सहाव्या हिश्शाइतकी वीज पुरते. पण कूलर पाणी पितो, आणि खारपाणपट्ट्यात तर त्याच्या जाळ्या क्षारांनी बुजतात. निर्दोष पर्याय येथे कोणताच नाही. कमी हानीचा निवडावा लागतो.

पाण्याचा प्रश्न

कार्बनच्या हिशेबात न मावणारा भाग चिखलदऱ्यास प्रत्यक्ष दिसतो. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच असलेल्या या गावी पाऊस भरपूर पडतो. पण बेसाल्टच्या कातळावरून तो वेगाने उतरून जातो. त्यामुळे उन्हाळ्यात येथे पाणीटंचाई जाणवते, आसपासच्या काही गावांना टँकरवर अवलंबून राहावे लागले आहे. नेमक्या त्याच सुट्टीच्या काळात आपण थंड हवेसाठी वर जातो. खोलीत बादल्या भरून स्नान करणारा पाहुणा कोणाच्या वाट्याचे पाणी वापरतो, हा प्रश्न हॉटेलच्या देयकात नसतो.

उतरलेले हे पाणी जाते कोठे? उत्तरेकडील सिपना, गडगा या नद्या तापीस मिळतात. गाविलगडच्या दक्षिण उतारावरून चंद्रभागा, शहानूर पूर्णेकडे वाहतात. दर्यापूर-अंजनगाव परिसरातील विहिरींचे पाणी खारट असल्याने तेथील अनेक गावांची तहान शहानूर धरणाच्या नळयोजनेवर भागते. म्हणजे मेळघाटचे डोंगर जपणे हा पठारावरील आपण वनवासींवर केलेला उपकार नव्हे. सपाटीवरील घागर याच डोंगरांवर भरते. दरीत भिरकावलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे कार्बनमूल्य नगण्य असेल, पण तिचे उपद्रवमूल्य स्थानिक व दीर्घकालीन आहे. म्हणून हे दोन हिशेब एकमेकांत मिसळू नयेत. बाटली टाळली म्हणून एसीची सूट मिळत नाही, आणि एसी बंद केला म्हणून बाटली फेकण्याचा परवाना मिळत नाही.

व्यक्तीने एवढ्याशा गोष्टी केल्याने काय होणार, हा आक्षेप मी स्वतःही घेत आलो आहे. धोरणांविना मोठा बदल अशक्य, हे मान्यच. परंतु ज्यांच्या नावे आपले विद्यापीठ आहे, ते गाडगेबाबा आधी खराट्याने गाव झाडीत आणि सायंकाळी कीर्तनास उभे राहत. त्या क्रमाला अर्थ होता.

चालू वर्षी प्रकल्पाचे स्वरूप बदलले आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरचे वीजदेयक, इंधन व पाणी यांचा वार्षिक हिशेब मांडावयाचा आहे. नमुना म्हणून पहिला तक्ता माझ्या घराचा दिला. आजवर जमा झालेल्या तक्त्यांत सर्वांत मोठा आकडा त्याचाच आहे.