मुदखेडहून बिबट्यांच्या शहरात

किनवटच्या सागवानी रानातून वाट काढत आलेली नंदीग्राम एक्स्प्रेस मुदखेड जंक्शनला मुख्य मार्गावर येते. आता रान संपलं, पुढे मुंबई, असं डब्यातल्या बहुतेकांना वाटतं. आपल्याकडचा माणूस मुंबईला जातो तो नोकरीसाठी, दवाखान्यासाठी, नाहीतर मंत्रालयात फाईल कुठे अडकली ते बघायला. जंगल बघायला कोण जातं? पण ठाण्याला उतरून पश्चिमेकडे पाहिलं, तर येऊरचे डोंगर दिसतात. त्या डोंगरांपासून पार बोरिवलीपर्यंत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे. क्षेत्रफळ सुमारे 103 चौरस किलोमीटर. एका अंगाला मुलुंड आणि भांडुप, दुसऱ्या अंगाला दहिसर, बोरिवली, कांदिवली, दक्षिणेला आरे वसाहत आणि उत्तरेला घोडबंदर रस्ता, अशा चारी बाजूंनी माणसांच्या वस्तीत ते उभं आहे.

एवढी मोक्याची जागा बिल्डरांच्या हातून वाचली कशी? मुख्यतः पाण्यामुळे. विहार तलाव 1860 साली झाला, तुळशी 1879 साली. दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात आणि दोन्हींचं पाणलोट क्षेत्र या रानात आहे. शहराला तहान होती म्हणून डोंगर मोकळे राहिले. 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्याही आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, इथल्या कान्हेरीच्या बौद्ध भिक्षूंनी पावसाचा थेंब न् थेंब अडवला होता. काळ्या पाषाणात खोदलेली शंभरावर लेणी, आणि त्यांच्या दाराशी पाण्याच्या पोढ्या. चैत्यगृहातल्या भव्य बुद्धमूर्ती पाहाव्यातच, पण खडकात कोरलेल्या पन्हळी पोढीपर्यंत कशा जातात तेही जरा वाकून बघावं.

राजधानीला खेटून राष्ट्रीय उद्यान म्हटलं की जगात केनियाच्या नैरोबीचं नाव निघतं. ते शहरही रेल्वेचंच लेकरू. 1899 मध्ये रुळांच्या कामाचा तळ म्हणून ते वसलं, आणि ते रूळ टाकायला हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. तिथलं उद्यान 1946 चं, 117 चौरस किलोमीटरचं. सिंह, काळे गेंडे आणि मागे उंच इमारती, असं त्याचं छायाचित्र सगळीकडे दिसतं. त्या उद्यानाला तीन बाजूंनी कुंपण आहे. दक्षिण बाजू कळपांच्या ये-जा करण्यासाठी मोकळी ठेवलेली, पण आता तिकडेही प्लॉट पडून घरं उठताहेत. नवी रेल्वे तर खांबांवरून थेट उद्यानातूनच गेली आहे.

मुंबईत सिंह मोकळे नाहीत, बिबटे आहेत. आणि भिंत असली तरी ती बिबट्याला अडवत नाही. रात्री तो वस्तीच्या कडेला येतो, मोकाट कुत्री आणि डुकरं उचलतो, उजाडायच्या आत परततो. 2004 साली मात्र हल्ल्यांनी कहर केला. बाहेर पकडलेले बिबटे आणून या रानात सोडल्याने गणित बिघडलं, असं अभ्यासकांचं म्हणणं पडलं. पुढे पकडून दुसरीकडे सोडण्यावर आवर आला, आणि कचरा हटवणं, दिवे लावणं, लोकांशी बोलणं यावर वनखात्याने भर दिला.

बिबटा किती चालतो, हे ‘आजोबा’ने दाखवलं. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला हा बिबटा विद्या अत्रेय यांच्या चमूने गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो कसाऱ्याजवळ लोहमार्ग ओलांडून, वसईची खाडी पोहून या उद्यानात पोहोचला. कसारा म्हणजे आपल्या नंदीग्रामचीच वाट. 2011 च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला.

‘बिबट्यासोबतचं सहजीवन’ हा शब्द मुंबईकर अलीकडे फार कौतुकाने वापरतात. त्याची किंमत मात्र बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून मोजली जात नाही. ती मोजतात पाड्यांवरचे वारली, कोकणा, मल्हार कोळी. अंधारात बाहेर पडावं लागणारी बाया-पोरं. वाघदेवाला ते पिढ्यान् पिढ्या पुजत आले आहेत, पण 2022 च्या दिवाळीत आरेत एक तान्ही पोर बिबट्याच्या हल्ल्यात गेलीच. आरेतली झाडं मेट्रोच्या कारशेडसाठी 2019 मध्ये रातोरात पडली, हेही याच शहरातलं. आता ठाणे ते बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम उद्यानाच्या पोटातून सुरू आहे. वर झाड हलणार नाही, असं सांगतात. बघू.

जायचं असेल तर ठाण्याला उतरा आणि घोडबंदर रस्त्याने बोरिवलीची बस धरा. मुख्य फाटक बोरिवली पूर्वेला, स्टेशनपासून पायी जाण्याजोगं. कान्हेरी आत सहा-सात किलोमीटरवर आहे. सोमवारी उद्यान बंद असतं, त्यामुळे मंत्रालयातलं काम सोमवारी उरका आणि रानासाठी मंगळवारची सकाळ ठेवा.