ग्राफिक डिझाइन : स्वतंत्र व्यवसायाची पहिली आखणी

चित्रकलेत रमणारे मूल दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर आले की घरात दोन सूर उमटतात. चित्रे काढून पोट भरत नाही, हा पहिला. ग्राफिक डिझाइनमध्ये घरबसल्या भरपूर पैसा आहे, हा दुसरा. या दुसऱ्या सुराला भुलून काही पालक कर्ज काढून महागड्या वर्गाचे शुल्क भरतात. सहा महिन्यांनी प्रमाणपत्र हाती येते, परंतु काम येत नाही आणि हप्ते मात्र चालू राहतात. ज्या घराला मुलाच्या पहिल्या कमाईची प्रतीक्षा आहे, त्या घराला हे परवडणारे नाही. म्हणून पहिल्या वर्षाची आखणी काळजीपूर्वक करावयास हवी.

मजकूर, चित्र, रंग आणि मोकळी जागा यांची अशी मांडणी करणे की जे आधी कळावे ते आधी कळेल, हे या विद्येचे मर्म होय. लग्नपत्रिकेचेच उदाहरण घ्यावे. निमंत्रकांची वीस नावे, वधूवरांची नावे, दिनांक, वेळ आणि स्थळ हे सारे एका लहान कागदावर मावले पाहिजे, आणि पाहुण्याला दिनांक व स्थळ शोधावे लागू नये. एकच टंक, अक्षरांचे तीन आकार आणि एक रंग एवढ्याच साधनांत ही पत्रिका दहा वेळा मांडून पाहावी. त्यातून जे हाताला वळण लागते, ते शेकडो 'इफेक्ट' शिकून लागत नाही. ही स्मरणिका तर हाती आहेच. तिच्या शेवटच्या पानांवरील जाहिरातींपैकी एखादी घेऊन ती अधिक चांगली कशी मांडता आली असती, याचा कागदावर प्रयत्न करावा. संपादक मंडळ रागावणार नाही, अशी आशा आहे!

पहिले तीन महिने हे असे कागद-पेन्सिलीचे असावेत. ज्यांनी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या आहेत, त्यांचा पाया तयारच असतो. त्यानंतर एखादेच सॉफ्टवेअर नीट शिकावे. इंकस्केप, गिंप आणि क्रिता ही सॉफ्टवेअरे विनामूल्य व कायदेशीर आहेत. आरंभासाठी ती पुरेशी होत. चोरीची प्रत वापरून व्यवसाय उभारू नये. छापखान्यांत कोरलड्रॉ व फोटोशॉप यांचा वापर मोठा आहे, त्यामुळे पुढे ती शिकावी लागतील. परंतु मांडणीची जाण आली की सॉफ्टवेअर बदलणे फारसे अवघड जात नाही. महागडा संगणक पहिल्या कमाईनंतर घ्यावा.

आपल्या विद्यार्थ्यांजवळ एक भांडवल असे आहे की ज्याची किंमत त्यांना स्वतःला ठाऊक नसते. ते भांडवल म्हणजे मराठी. इंग्रजी मजकुराची उत्तम मांडणी करणारे पुष्कळ आहेत. देवनागरी नीट मांडणारे त्या मानाने थोडे. चुकीचा 'कंपोझर' निवडला की काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न बसता उजवीकडे जाते. जुन्या डीटीपी टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणताना 'ऱ्या' आणि 'श्र' यांची काय दशा होते, हे अक्षरजुळणी करणाऱ्यांना विचारावे. ओळींमधील अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. हे दोष पाहता येणे आणि दुरुस्त करता येणे, यालाच ग्राहक पैसे देतो. विंडोजमधील 'मंगल' हा टंक रेखणारे र. कृ. जोशी हे मुळात सुलेखनकार होते, ही गोष्ट या संदर्भात ध्यानी घ्यावी. आज मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे 'मुक्ता' व 'बाळू' हे टंक व्यावसायिक कामासाठीही विनामूल्य वापरता येतात.

दुसऱ्या सहामाहीत, जमल्यास, एखाद्या छापखान्यात अथवा डीटीपी केंद्रात अर्धवेळ काम करावे. मोबदला अल्प असेल, पण तेथे जे शिकायला मिळते ते वर्गात क्वचितच मिळते. पडद्यावर झळाळणारा निळा रंग कागदावर जांभळट का उतरतो, कडेपर्यंत रंग हवा असल्यास चहूबाजूंनी तीन मिलिमीटर जादा का ठेवावे लागतात, ३०० डीपीआयला ए-४ पान २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे कसे होते, हे सारे तेथे कळते. जयंतीच्या फलकावर मोबाइलवरून घेतलेले छायाचित्र फुटके का दिसते, याचे उत्तरही तेथेच मिळते. ज्यांना सवड व ऐपत आहे त्यांनी उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या पदवीचा विचार अवश्य करावा, मुंबईची जे. जे. उपयोजित कला संस्था ही त्यातील नामवंत.

वर्षअखेरीस आठ-दहा निवडक कामांचा संग्रह तयार असावा. तीस सामान्य कामांपेक्षा तो अधिक बोलतो. त्यात निदान निम्मी कामे खऱ्या ग्राहकांची असावीत : किराणा दुकानाची पाटी, शिकवणीचे पत्रक, बचत गटाच्या मसाल्याचे वेष्टन. नात्यातले, ओळखीचे लोक फुकट काम मागतील. एखाद-दुसरे करावे, पण तेथेही बिल तयार करून त्यावर मूळ रक्कम आणि दिलेली सूट दोन्ही लिहावीत.

व्यवहार लेखी असावा. काम सुरू करण्यापूर्वी निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि किती वेळा बदल करून देणार, हे आधीच ठरवावे. अन्यथा "जरा एवढेच बदला" याला अंत नसतो. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी लागते, आणि त्यात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची मानली जाते. म्हणून बोधचिन्ह देताना ही अट ग्राहकाला समजावून सांगावी. 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क होते. अशी नोंदणी असलेल्या लघुउद्योजकाचे पैसे, करारात काहीही लिहिले असले तरी, काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत देणे २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे. पहिले मोठे काम स्वीकारण्याआधीच ही नोंदणी करून ठेवावी.